नव्या सापाचा पहिला घास

गेल्या पावसाळ्यांत, मृगाच्या सरी पडून कुंडलिकेस पहिलें गढूळ पाणी आलें त्या आठवड्यांतली ही गोष्ट. जवळच्या खेड्यांतून शाळेस येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यानें बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत घालून एक साप आणिला. कडब्याच्या गंजीखालीं तो त्यास सांपडला होता. लांबी सुमारें दीड हात, रंग पिंवळसर तपकिरी, डोळे मोठे व वाटोळे. तें धामणीचें पिल्लूं होतें, म्हणजे बिनविषारी. परंतु पकडतेवेळीं मुलास हें ठाऊक नव्हतें. केवळ सुदैवानें अनर्थ टळला, हें आरंभींच सांगून ठेवितों. वडील रागावतील या भीतीनें त्यानें पांच दिवस तो डबा गोठ्यांत लपविला होता. दूध ठेविलें, उकडलेलें अंडें ठेविलें, भाकरीचा कुस्करा ठेविला, एक मेलेली पाल देखील ठेविली. सापानें कशासही तोंड लाविलें नाहीं. शेवटीं रडकुंडीस येऊन तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हा मरेल हो. ह्याला काय खायला द्यावं?"

आतां आमची स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. आम्हीं असा तर्क केला कीं, साप मेलेलें खात नसेल, तर जिवंत दिल्यास खाईल. कोठींतल्या पिंजऱ्यांत सांपडलेला एक उंदीर आम्हीं रात्रीं त्या डब्यांत सोडिला, झांकणास भोंकें पाडिलीं आणि निजावयास गेलों. सकाळीं पाहतों तों उंदीर धडधाकट, आणि सापाच्या पाठीवर दोन ठिकाणीं कुरतडल्याच्या जखमा. तेव्हां कोठें आम्हांस शहाणपण सुचलें व आम्हीं वनविभागास दूरध्वनि केला. वनविभागाच्या माणसांबरोबर एक अनुभवी सर्पमित्र आले. त्यांनीं डब्यांत डोकावून पाहिलें व मुलास पहिला प्रश्न विचारिला तो असा: "बाळ, दिवसांतून झांकण किती वेळां उघडत होतास?"

मुलगा म्हणाला, "मोजलं नाही. मित्र आले की उघडायचो."

"मग तो खाणार केव्हां?" इतकेंच ते बोलले. आम्ही मात्र त्या एका वाक्यावर पुष्कळ दिवस विचार करीत राहिलों. त्यांतून जें समजलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम दुधाविषयीं. नागपंचमीस वारुळापाशीं दुधाची वाटी ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे, आणि साप दूध पितो अशी समजूत तिच्याबरोबर रूढ झाली आहे. परंतु दूध हें सस्तन प्राण्यांच्या पिलांचें अन्न होय. साप हा सरपटणारा प्राणी. त्याच्या मातेस दूध नाहीं, आणि दूध पचविण्याची सोय त्याच्या शरीरांत नाहीं. मग गारुड्याच्या टोपलींतला नाग दूध पितांना दिसतो तो कां? कारण त्यास कित्येक दिवस पाण्याचा थेंब मिळालेला नसतो. तहानेनें व्याकूळ झालेलें जनावर समोर येईल तें पातळ पितें. त्यांतला कांहीं भाग श्वासमार्गांत जातो, आणि पुढें फुप्फुसें बिघडून तें मरतें. शिवाय त्या नागाचे दांत बहुधा उपटलेले असतात, व कधीं तोंडही शिवलेलें असतें. ज्यास आपण पूजा म्हणतों ती त्या जिवास शिक्षा होते. सापास लागतें तें दूध नव्हे, स्वच्छ पाणी. आणि अन्न म्हणून त्याच्या जातीप्रमाणें उंदीर, बेडूक, पाल, मासा, पक्ष्याचें अंडें, किंवा क्वचित् दुसरा सापही.

आतां साप खातो कसा तें पाहूं. त्यास चावतां येत नाहीं. भक्ष्य सबंध गिळावें लागतें. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशीं हाडानें जोडलेले नसून लवचिक स्नायुबंधानें जोडलेले असतात. त्यामुळें तोंड विलक्षण रुंदावतें. दांत मागें वळलेले असतात. एकदां धरलेलें भक्ष्य पुढें सुटत नाहीं, आंतच सरकतें. बहुतेक वेळां तो डोक्याकडून गिळण्यास आरंभ करितो, म्हणजे पाय व केस आडवे येत नाहींत. हें सर्व चाललें असतां त्याचें तोंड भरलेलें असतें. तो दंश करूं शकत नाहीं, त्वरेनें पळूं शकत नाहीं. गिळून झाल्यावरही पोट जड होऊन तो मंदावतो. म्हणून जेवण हा सापाच्या आयुष्यांतला मोठा धोक्याचा प्रसंग होय. शत्रु जवळ आहे असें वाटत असतां कोणता प्राणी आपण होऊन असा अडकून पडेल? घाबरलेला साप खात नाहीं, आणि खाल्ल्यावर घाबरला तर गिळलेलें अन्न ओकून टाकितो. कारण हलकें झाल्यावांचून पळतां येत नाहीं.

सापास भीति कशाची वाटते, हेंही जाणलें पाहिजे. त्यास बाहेरचे कान नाहींत, परंतु जमिनींतून येणारे कंप त्यास फार चांगले जाणवतात. डब्यावर टिचकी मारणें, पाय आपटीत जवळ येणें, हें त्यास आपल्या कानाशीं ढोल वाजविल्यासारखेंच. त्याची जीभ चव घेण्यासाठीं बाहेर येत नाहीं. हवेंतले वासाचे कण गोळा करून टाळूवरच्या एका वासाच्या इंद्रियास पोंचविण्यासाठीं येते. त्यामुळें माणसाचा, कुत्र्याचा, मांजराचा वास तो सतत वाचीत असतो. डोळ्यांस पापण्या नसल्यामुळें तो डोळे मिटून घेऊं शकत नाहीं. त्याचा एकच उपाय म्हणजे बिळांत शिरणें. आणि पत्र्याच्या उघड्या डब्यांत नेमकें बीळच नसतें. झांकण उघडून त्यावर चारपांच तोंडें वांकलीं म्हणजे घार किंवा मुंगूस आलें असेंच तो समजतो.

भीतीखेरीज न खाण्याचीं आणखीही कारणें आहेत. सापाच्या शरीरांत स्वतःची ऊब निर्माण होत नाहीं. ती त्यास बाहेरून घ्यावी लागते. अंग पुरेसें उबदार नसेल तर अन्न पचत नाहीं, पोटांतच कुजूं लागतें. म्हणून थंडींत साप अन्न टाळितो. कात टाकण्याच्या आधीं कांहीं दिवस त्याचे डोळे निळसर दुधाळ होतात व त्यास धूसर दिसतें. त्या काळांतही तो बहुधा उपाशी राहतो. परंतु यामुळें तो लगेच मरत नाहीं. ऊब राखण्यास आपणांस जें अन्न सतत लागतें तें त्यास लागत नाहीं, आणि म्हणून धष्टपुष्ट साप कित्येक आठवडे अन्नावांचून सहज काढितो. पांच दिवस साप जेवला नाहीं याचा आमच्या विद्यार्थ्यास जो घोर लागला होता, तो त्यानें स्वतःच्या भुकेच्या मापानें सापास मोजल्यामुळें लागला होता.

साप हाताळण्याचें व सांभाळण्याचें शास्त्र आपल्या देशांत एका गंभीर कामासाठीं वाढलें. सर्पदंशावरील प्रतिविष तयार करण्यास सापांचें विष लागतें. तें अल्प प्रमाणांत घोड्यांस टोंचून त्यांच्या रक्तांतून औषध काढितात. मुंबईस परळ येथें १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं जी प्रयोगशाळा निघाली, व जिला १९२५ सालीं डॉ. हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें, तेथें या विषयाचें मोठें काम झालें. तेथील सर्पतज्ज्ञ डॉ. देवरस यांचें भारतांतील सापांवरचें इंग्रजी पुस्तक १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. तिकडे तामिळनाडूंत, महाबलिपुरमजवळ, इरुळ जमातीच्या साप धरणाऱ्या लोकांनीं १९७८ सालीं सहकारी संस्था स्थापिली. ते धरलेले विषारी साप मातीच्या मडक्यांत ठेवितात व मडक्याच्या तोंडास कापड बांधितात. कांहीं आठवड्यांत थोडथोडें विष काढून घेऊन सापांस परत रानांत सोडितात. पिढ्यान्‌पिढ्या साप जाणणाऱ्या या लोकांनीं त्याचेसाठीं कांचेची पेटी न निवडतां अंधारें, थंड, आवाज न करणारें मडकें निवडावें, यांतच सगळें आलें.

सापास घरीं पाळण्याची आवड इंग्लंड, अमेरिका इत्यादि देशांत पुष्कळ आहे. तेथें फार करून पश्चिम आफ्रिकेंतला एक लहानसा, बिनविषारी अजगर पाळितात. त्यास रॉयल पायथन किंवा बॉल पायथन म्हणतात. भ्यालेला असतां तो डोकें आंत घेऊन चेंडूसारखें वेटोळें करितो, म्हणून हें नांव. नव्या घरीं आल्यावर अन्न नाकारण्याबद्दल हा साप प्रसिद्धच आहे. त्यामुळें त्यास पहिला घास कसा द्यावा याविषयीं तेथील पाळणाऱ्यांनीं अनुभवानें कांहीं नियम बसविले आहेत. ते आपण पाहूं. कारण भित्र्या जिवाशीं कसें वागावें याचा तो एक चांगला पाठ आहे.

पहिला नियम, साप घरीं आणण्यापूर्वीं त्याचें घर तयार असावें. पेटीचें झांकण पक्कें बसणारें हवें. पेटीच्या एका बाजूस ऊब सुमारें ३१ ते ३३ अंश सेल्सियस असावी व दुसरी बाजू त्याहून पांचसहा अंश थंड असावी, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणें जागा बदलूं शकतो. दोन्ही बाजूंस लपण्यास एकेक खोपटें ठेवावें, आणि तें ऐसपैस नसावें. वेटोळें घातल्यावर अंगास चोहोंकडून भिंत लागेल इतकेंच असावें. सापास अंगास टेकणारी भिंत म्हणजेच निर्भयता. पाण्याचें भांडें नेहमीं भरलेलें असावें.

दुसरा नियम, पहिला आठवडाभर त्यास हात लावूं नये. पाणी बदलण्यापुरतें झांकण उघडावें, पेटीवर कापड घालावें आणि निघून यावें. नव्या पाळणाऱ्यास हाच नियम सर्वांत कठीण जातो.

तिसरा नियम अन्नाचा. पूर्वींच्या मालकाकडे साप काय खात होता, उंदीर कीं घूस, केवढा, कोणत्या वेळीं, हें विचारून घ्यावें व आरंभीं तेंच द्यावें. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नसावें. जिवंत उंदीर देऊं नये. आमच्या डब्यांत झालें तेंच तेथेंही होतें, न खाणाऱ्या सापास उंदीर कुरतडतो. म्हणून तिकडे यासाठींच वाढविलेले व गोठवून ठेविलेले उंदीर मिळतात. असा उंदीर थंड कपाटांत रात्रभर ठेवून बर्फ पूर्ण उतरूं द्यावा, नंतर ऊन पाण्यानें तो जिवंत प्राण्याइतका कोमट करावा व कोरडा पुसावा. शिजवूं नये. या जातीच्या सापास ओठांवरील खळग्यांनीं भक्ष्याची ऊब जाणवते. थंडगार मांस त्यास भक्ष्य वाटतच नाहीं.

चौथा नियम वेळेचा व रीतीचा. हा साप रात्रींचा शिकारी असल्यामुळें संध्याकाळ उलटल्यावर, मंद उजेडांत, घर शांत असतां अन्न द्यावें. लांब चिमट्यानें उंदीर मागील बाजूस धरून खोपट्याच्या दारापाशीं हळूच न्यावा व किंचित् हालवावा. सापाच्या तोंडावर तो ढकलूं नये. सापानें मान पुढें काढून जीभ भरभर हालविली, तर त्याचें लक्ष गेलें असें समजावें व हात स्थिर ठेवावा. त्यानें मान मागें घेतली, फूत्कार केला किंवा वेटोळें आवळिलें, तर तेथेंच थांबावें. अन्न दारापाशीं ठेवून, दिवा मालवून, खोलीबाहेर यावें. पुष्कळ साप पहिला घास कोणी पाहत नसतांनाच घेतात. सकाळपर्यंत न खाल्लेलें अन्न काढून टाकावें.

पांचवा नियम, नाकारल्यास रोज रोज आग्रह करूं नये. आठदहा दिवस जाऊं द्यावे व पुन्हां तसेंच करावें. मध्यंतरीं वजन लिहून ठेवावें. मोठ्या सापाचें वजन टिकून असेल तर काळजी नको. पिल्लूं असेल, वजन घटत असेल, तोंडास फेंस किंवा श्वासास आवाज येत असेल, तर पशुवैद्यास दाखवावें. तोंड उघडून बळानें अन्न कोंबणें हें काम आपलें नव्हे. त्यानें तोंडास इजा होते, आणि भीति होती त्याहून दुणावते. आणि साप जेवला, तर आनंदाच्या भरांत त्यास उचलूं नये. निदान दोन दिवस तसाच असूं द्यावा. अन्न ओकून टाकिल्यास दोन आठवडे पोटास विश्रांति द्यावी. पेटीस हात लाविल्यावर दर वेळीं साबणानें हात धुवावे, कारण सापाच्या अंगावर माणसास बाधणारे जंतु असतात.

हे पांचही नियम पाहिले तर असें दिसतें कीं, त्यांत खावयास घालण्याची कृति थोडी आहे आणि दूर राहण्याचीच अधिक आहे. आमच्या वसतिगृहांत दर जूनांत मंठा, परतूर, भोकरदन इकडून लहान मुलें प्रथमच घर सोडून येतात. पहिल्या रात्रीं त्यांतल्या कित्येकांचें ताट तसेंच राहतें. तेव्हां जुनीं माणसें त्यांच्याभोंवतीं कोंडाळें करीत नाहींत, "जेव, जेव" म्हणून मागें लागत नाहींत. मुलास त्याची खाट, त्याची पेटी, त्याचा कोपरा दाखवितात आणि थोडें एकटें सोडितात. दोनतीन दिवसांत तें मूल आपण होऊन भाकरी मागतें. साप म्हणजे मूल नव्हे. त्यास आपली माया कळत नाहीं, आणि ती कळावी अशी अपेक्षाही करूं नये. परंतु आपली जागा मिळाल्यावांचून घास गळ्याखालीं उतरत नाहीं, हें दोघांसही लागू आहे.

आतां आपल्या जिल्ह्यापुरतें सांगावयाचें तें सांगतों. आपल्या रानांतला कोणताही साप पकडणें, ठेवणें किंवा मारणें यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे, आणि परदेशी जातींचे जे प्राणी कोणी पाळीत असेल त्यांचीही नोंद करणें कायद्यानें आवश्यक झालें आहे. तेव्हां वर दिलेले नियम वाचून कोणी गंजीखालचा साप घरीं आणूं नये. कायदा नसता तरी आम्ही हेंच सांगितलें असतें. मण्यार ही अत्यंत विषारी. बिनविषारी कवड्या साप पुष्कळसा तिच्यासारखा दिसतो. घोणशीचें पिल्लूं व डुरक्या घोणस यांतही मोठमोठीं माणसें फसतात. आमच्या विद्यार्थ्यानें धामण समजून धामण धरिली नव्हती. साप दिसला म्हणून धरिला होता. त्याच्या जागीं दुसरें कांहीं असतें तर हा लेख लिहिण्याची वेळ वेगळ्या कारणानें आली असती.

साप दिसल्यास दूर उभें राहावें, त्याच्यावर नजर ठेवावी, व वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. दंश झालाच तर कापूं नये, चोखूं नये, घट्ट आवळून बांधूं नये. तो अवयव न हालवितां रोग्यास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. प्रतिविष तेथें मिळतें, मांत्रिकाकडे मिळत नाहीं.

पालकांस एक विनंती आहे. आपला मुलगा असें कांहीं घरीं घेऊन आला तर प्रथम त्यास मारूं नका. मार बसेल या भीतीनें त्या मुलानें पांच दिवस डबा लपविला, आणि ते पांच दिवस त्या गोठ्यांत त्याची धाकटी भावंडेंही खेळत होतीं. पहिल्याच दिवशीं तो वडिलांस सांगूं शकला असता तर साप व मुलें दोन्ही संकटांतून सुटलीं असतीं.

सापाची जखम किरकोळ होती. सर्पमित्रांनीं ती धुतली, आणि वनविभागाच्या माणसांसमक्ष तो त्याच शेताच्या बांधावर सोडण्यांत आला. क्षणभर तो स्तब्ध राहिला. मग दगडांच्या फटींत शिरला आणि दिसेनासा झाला. तो मुलगा अजून अधूनमधून विचारतो, "सर, तो जेवला असेल ना?" आम्ही त्यास सांगतों कीं, तें आपणांस दिसणार नाहीं, परंतु आपण पाहत नाहीं म्हणूनच जेवला असण्याचा संभव आहे.